गहाणांची उघडी वही

लातूरच्या आडत बाजारांतील एखाद्या व्यापाऱ्यानें तुरीचीं दोनशें पोतीं डाळगिरणीला महिन्याच्या उधारीवर द्यावयाचें मनांत आणलें, तर तो काय पाहतो? गिरणी चालते कीं नाहीं, वखारींत माल आहे कीं नाहीं, मालकाचा शब्द बाजारांत कसा चालतो, एवढें तो पाहतो. परंतु तीं यंत्रें व तो माल आधींच कोणा बँकेकडे तारण आहे काय, हें डोळ्यांना दिसत नाहीं. गहाण पडलेल्या शेतांत ज्वारी निराळी पिकत नाहीं. म्हणून अशा तारणांची नोंद सरकारदरबारीं व्हावी आणि ती वही कोणासही पाहतां यावी, असा नियम झाला. ही वही कशी उघडली आणि आपल्या गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यांत ती किती उशिरा पोंचली, हें, श्रोतेहो, आज सांगावयाचें आहे.

गहाणाचा विचार आपणांस नवा नाहीं. लातुराहून फारशी दूर नसलेली कल्याणी, म्हणजे आजचें बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी होती. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दींत तेथें विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. एकच वस्तु दोघांकडे गहाण पडली तर आधींचें गहाण बलवत्तर, हा याज्ञवल्क्याचा नियम. नियम न्यायाचा खरा. पण दुसऱ्या धनकोला पहिल्या गहाणाची वार्ता कळावी कशी? वस्तु धनकोच्या ताब्यांत गेली तर ताबाच बोलतो. नजरगहाणांत मात्र वस्तु ऋणकोजवळच राहते. गांवांत साक्षीदारांची आठवण कामीं येई; परगांवच्या सावकारास तो आधार नव्हता. अग्रक्रम असावा आणि त्याचा पुकारा नसावा, हा मागून येणाऱ्यासाठीं खणलेला खड्डाच होय.

विलायतेंत हा खड्डा मोठ्या व्यापारांत उघडा पडला. आरन सॉलोमन नांवाच्या चामड्याचे बूट करणाऱ्या व्यापाऱ्यानें आपला धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीस विकला आणि किंमतीपैकीं १०,००० पौंडांचे तारणरोखे कंपनीकडून घेतले. कंपनी बुडाली. तारणदारांचा हक्क आधीं ठरला आणि उधारीवर माल देणाऱ्यांच्या हातीं कांहीं लागलें नाहीं. १८९६ सालीं तेथील वरिष्ठ सभागृहानें सॉलोमनच्याच बाजूनें निकाल दिला. तत्पूर्वीं, १८६२ च्या कायद्यानें कंपनीनें गहाणांची वही ठेवावी असें सांगितलें होतें. परंतु ती पाहण्याचा अधिकार सभासदांना व धनकोंनाच होता. म्हणजे पैसे अडकल्यावर वही पाहावयाची, अडकण्यापूर्वीं नाहीं! १९०० च्या कायद्यानें ही उणीव काढली. तारणाची नोंद सरकारी निबंधकाकडे २१ दिवसांत झाली पाहिजे. नाहीं तर इतर धनकोंविरुद्ध तें तारण निष्फळ. आणि ठराविक फी भरून कोणीही नोंद पाहावी. ब्रिटिश हिंदुस्थानांतील १९१३ च्या कंपनी कायद्यानें हेंच तत्त्व उचललें.

शेतकऱ्याच्या कर्जाची कथा याहून कडू आहे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें रयतेनें सावकारांचे रोखे जाळले. न वाचतां येणाऱ्या कागदावर अंगठा देण्याचा तो संताप होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानें पुणें, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे दस्त गांव-निबंधकासमोर लिहिले जावेत असें ठरलें. परंतु ती व्यवस्था निजामच्या सरहद्दीपाशीं थांबली. नांदेड आणि लातूर पलीकडे राहिलीं.

पलीकडे कायदे नव्हते असें नाहीं. हैदराबाद संस्थानानें १३२० फसलींत, म्हणजे १९१०-११ च्या सुमारास, आपला कंपनी कायदा केला होता. नांदेडास उस्मानशाही गिरणी उभी राहिली, व्यापार वाढला. परंतु १८८४ पासून दरबारची भाषा उर्दू होती आणि येथील कुणब्याची व दुकानदाराची भाषा मराठी, लिपि मोडी वा बाळबोध. दप्तर उघडें असून उपयोग काय, जर पाहणाऱ्याला अक्षर लागत नसेल? जुन्या दस्तांचा अर्थ लावावयास आजही आपल्याकडे उर्दू व मोडी जाणणारा माणूस शोधावा लागतो.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद मुक्त झालें. १९५१ मध्यें १९०८ चा नोंदणी कायदा येथें लागू झाला. त्याच्या ५७ व्या कलमाप्रमाणें स्थावर मिळकतीच्या दस्तांचें पहिलें पुस्तक व त्याच्या सूच्या, फी भरणाऱ्या कोणासही पाहतां येतात. मृत्युपत्रांचें पुस्तक तसें खुलें नाहीं. शेताचें घर घेतांना आपण ज्याला ‘शोध घेणें’ म्हणतों, त्याचें मूळ येथें आहे. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यांत बँकेचा वा सोसायटीचा बोजा चढतो, तीही त्याच वहीची धाकटी बहीण.

कंपन्यांची वही मात्र निबंधकाच्या कचेरींत, मुंबईला. नांदेडच्या व्यापाऱ्यानें दोन पानें पाहण्यासाठीं आगगाडीची रात्र काढावी, हें क्वचितच घडे. २००६ पासून तीं दप्तरें संगणकावर आलीं. २०१३ च्या कायद्यांत नोंदीची मूळ मुदत ३० दिवसांची आहे, आणि ‘मला ठाऊक नव्हतें’ ही सबब मागून मिळकत घेणाऱ्यास उरत नाहीं.

तरीहि मोठी फट राहिली होती. आपल्या बाजारांतील बहुतेक पेढ्या कंपन्या नव्हेत. त्या एकट्या मालकाच्या वा भागीदारीच्या. त्यांच्या मालावरील नजरगहाणाची नोंद कोठेंच होत नसे. शिवाय घराचे कागद बँकेंत नुसते ठेवूनही गहाण होतें. त्यामुळें एकाच घरावर बनावट कागदांनीं दोन बँकांचें कर्ज निघूं शके. यासाठीं २००२ च्या कायद्याखालीं ३१ मार्च २०११ रोजीं केंद्रीय नोंदवही सुरू झाली. २०१६ मध्यें जंगम माल तिच्यांत आला. २४ जानेवारी २०२० पासून नोंद नसलेल्या तारणावर बँकेस त्या कायद्याचा जप्तीचा मार्गही मिळत नाहीं. महाराष्ट्रानें १ एप्रिल २०१३ पासून कागद ठेवून केलेल्या गहाणाची सूचना दुय्यम निबंधकाकडे देणें आवश्यक केलें.

कोणी म्हणेल, घरची झांकली मूठ चारचौघांत कां उघडावी? आक्षेप पोकळ नाहीं. परंतु ज्यानें केवळ शब्दावर उसने घेतलें, त्याचें नांव या वहींत येत नाहीं. ज्यानें आपली मिळकत एका धनकोसाठीं बाजूस काढली, त्यानें इतर सर्वांचा हात तिजपासून दूर केला. मग त्या इतरांना तें कळावें, एवढाच हा नियम.

ही वही ऋणकोचीही कैवारी आहे, हें विसरूं नये. कर्ज फिटलें तरी बोजा उतरला नसेल, तर मुलीच्या लग्नाला वा नव्या कर्जाला तेंच शेत आडवें येतें. म्हणून शेवटचा हप्ता भरला कीं बेबाकीचा दाखला घ्यावा, फेरफार करवून घ्यावा, आणि नवा सातबारा स्वतः वाचावा. वहीला आपल्या मर्यादा आहेतच. भार आहे कीं नाहीं हें ती सांगते, आज किती देणें उरलें तें नाहीं, आणि हातउसन्याची तिला खबर नसते.

पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लोकांस कायद्यानें, भाषेनें वा अंतरानें ही वही बंद होती. आतां ती मराठींत व घरबसल्या बरीचशी उघडी आहे. सौदा करण्यापूर्वीं ती पाहिली नाहीं, तर पुढें दोष मात्र कोणा दरबारास देतां येणार नाहीं.