जहालांचे दडपण (राष्ट्रीय सभा, १९०५–१९१६)

राष्ट्रीय सभेच्या मवाळ धुरीणांवर त्यांच्याच पक्षातील जहाल गटाने आणलेले राजकीय दडपण. १९०५ मध्ये बंगालची फाळणी अंमलात आल्यावर अर्जविनंत्यांच्या मार्गावरील तरुणांचा विश्वास उडाला. त्याच वर्षीच्या बनारस अधिवेशनाचे अध्यक्ष गोपाळ कृष्ण गोखले (पहा : गोखले, गोपाळ कृष्ण) यांना बंगालातील बहिष्काराचे समर्थन करणे भाग पडले. कलकत्त्यास १९०६ मध्ये टिळकांचे (पहा : टिळक, बाळ गंगाधर) नाव अध्यक्षपदासाठी पुढे येताच मवाळांनी इंग्लंडहून ८१ वर्षांच्या दादाभाई नौरोजींना पाचारण केले, तरीही स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण यांविषयीचे ठराव मंजूर करावेच लागले.

एकीकडे सरकारदरबारी सुधारणांची बोलणी आणि दुसरीकडे स्वपक्षीयांचा शरणागतीचा आरोप, अशी दुहेरी अडचण हे या दडपणाचे मुख्य लक्षण होय. जहालांचे प्राबल्य असलेल्या नागपूरहून १९०७ चे अधिवेशन सुरतेस हलविले गेले. परंतु कलकत्त्याचे ठराव सौम्य केले जातील या शंकेने व अध्यक्ष रासबिहारी घोष यांच्या निवडीवरील वादाने ते २७ डिसेंबर रोजी दंगलीत उधळले. व्यासपीठावर आलेला जोडा फिरोजशहा मेहता व सुरेंद्रनाथ बॅनर्जी या दोघांनाही लागला. १९०८ मध्ये अलाहाबादेस सनदशीर मार्गाची अट घटनेत घालून मवाळांनी सभा ताब्यात ठेवली, मात्र जनाधार गमावला. लखनौस १९१६ मध्ये समेट झाला. १९१८ मध्ये, माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या प्रश्नावर, बाहेर पडण्याची पाळी मवाळांवर आली (पहा : लखनौ करार).