हेवी ब्लूजसाठी गाणी निवडताना

प्रेस मशिनखाली बोट जाणे म्हणजे काय, हे भोसरी-चाकणच्या पट्ट्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. 1965 मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांचा टोनी आयोमी नोकरीच्या शेवटच्या दिवशी अशाच यंत्रावर उभा होता. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, त्यामुळे गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली, पातळ तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून स्वर खाली उतरवला. 'ब्लॅक सॅबथ'चा जड नाद बराचसा यातून घडला. हाच बँड 1968 मध्ये 'पोल्का टल्क ब्लूज बँड' या नावाने इतरांची ब्लूज गाणी वाजवीत असे. 1970 च्या त्याच्या पहिल्या अल्बममध्येही दोन गाणी दुसऱ्या बँडची आहेत.

दुसऱ्याचे गाणे आपल्या पद्धतीने सादर करणे म्हणजे 'कव्हर'. नव्या बँडची ओळख प्रथम या निवडीवरूनच होते. चाकणमध्ये मोटारी बनविणाऱ्या महिंद्र समूहाने 2011 मध्ये मुंबईच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूज महोत्सव सुरू केला आणि बडी गायसारखा दिग्गज तेथे वाजवून गेला. मोटार कारखाना आणि ब्लूज यांचे नाते मात्र त्याहून जुने आहे. जॉन ली हुकर डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत काम करीत असे. त्याचे 1948 चे 'बूगी चिलन' म्हणजे एक आवाज, एक गिटार आणि पायाचा ठेका. असे जवळजवळ एकाच सुरावटीवर चालणारे गाणे जड करण्यास उत्तम. ढोल आणि बास यांना त्यात भरपूर जागा आहे.

ब्लूजचा नेहमीचा साचा बारा 'बार'चा असतो. प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे एकूण 48 मात्रा. आपल्या हिशेबाने त्रितालाची तीन आवर्तने. पहिल्या आवर्तनात एक ओळ, दुसऱ्यात तीच ओळ पुन्हा आणि तिसऱ्यात तिचे उत्तर. गायक साधारण अर्धे आवर्तन गातो, उरलेल्यात गिटार जबाब देते. हा सवाल-जवाब मोडला की ब्लूज संपला. गायक गात असतानाच गिटारवादकाने जागा भरून काढणे, हा जड वाजविणाऱ्या बँडचा नेहमीचा दोष होय. डिस्टॉर्शन वाढविल्याने जडपणा येत नाही. तो संथ लयीतून, मंद्र स्वरांतून आणि मोकळ्या सोडलेल्या मात्रांतून येतो.

'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हे याचे उत्तम उदाहरण. मिसिसिपीच्या 1927 च्या महापुरावरचे हे गाणे मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांनी 1929 मध्ये दोन गिटारींवर ध्वनिमुद्रित केले. 'लेड झेपलिन'ने 1971 मध्ये ड्रम एका जुन्या वास्तूच्या जिन्याखालच्या दालनात ठेवून ते वाजविले आणि पुराचे वजन ठेक्यात आणले. मूळ गाणे हलके असेल तर त्यात जड होण्यास वाव असतो. आधीच कळसाला पोहोचलेले 'झेपलिन'चे गाणे उचलणाऱ्याच्या हाती नक्कलच उरते. म्हणून झेपलिन ऐकावे, पण गाणे मिनीचे घ्यावे!

निवडीत पहिला मान गायकाच्या पट्टीला द्यावा, गिटारवादकाच्या हौसेला नव्हे. गायिका असेल तर बिग मामा थॉर्नटनकडे वळावे. तिचे 'बॉल अँड चेन' जॅनिस जॉप्लिनने 1967 मध्ये मॉन्टेरेला गायिले, तेही आपल्या ढंगात.

या औद्योगिक पट्ट्यात आणखी एक अडचण असते: पाळ्यांची. चौघांपैकी एक रात्रपाळीला, दुसरा पहिल्या पाळीला. अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी, तर आयटीतल्या सोबत्याची शनिवार-रविवारी. अशा वेळी वळणावळणांची, मोजून बसवावी लागणारी गाणी दोनच ठेवावीत. बाकी बारा बारची असली की तालीम चुकलेला वादकही नजरेच्या खुणेवर निभावून नेतो. मात्र एकाच स्वरातली तीन संथ गाणी लागोपाठ घेऊ नयेत; श्रोते चहाला उठतात.

मूळ रचनाकाराचे नाव मंचावरून घ्यावे. 'होल लोटा लव्ह'बद्दल विली डिक्सनने 1985 मध्ये 'झेपलिन'वर दावा लावला, 1987 मध्ये तडजोड झाली आणि त्याचे नाव श्रेयात आले. आपल्याकडे तिकीट लावून कार्यक्रम करायचा तर आयपीआरएसचा परवाना लागतो. तो आयोजकाने घेतला आहे ना, हे आधीच विचारावे. हौशी मंडळाने विनातिकीट श्रोत्यांसमोर केलेल्या सादरीकरणाला कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे. कंपनीच्या स्नेहसंमेलनात वाजविणाऱ्यांनी ते कलम वाचून ठेवावे. ध्वनिमुद्रण करून विकायचे असल्यास नियम वेगळे आहेत: 2012 च्या दुरुस्तीनुसार, मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षे उलटल्याखेरीज कव्हर काढता येत नाही, आणि हक्कधारकास पूर्वसूचना व स्वामित्वधन आगाऊ द्यावे लागते.