दगडू आणि नकुशी

साताऱ्याकडच्या आमच्या गावात पूर्वी पोराचं नाव ठेवताना अर्थ सुंदर आहे का, हे कुणी बघत नव्हतं. नावानं काम केलं पाहिजे, एवढीच अपेक्षा. जोशी पंचांग उघडून नक्षत्राचं चरण सांगायचे. अश्विनी असेल तर चू, चे, चो, ला. रोहिणी असेल तर ओ, वा, वी, वू. त्यावरून आलेलं नावरस नाव पत्रिकेतच राहायचं. हाकेचं नाव बाराव्या दिवशी, पाळण्यात. आत्या कानात कुर्रर्र करून ते सांगायची. सोमवारी जन्मला तो सोमा, मंगळवारची ती मंगल, नवसाचा तो खंडू नाहीतर जोती. धोंड्याच्या महिन्यातला तो धोंडू.

पण लागोपाठ पोरं दगावलेल्या घरातली रीत निराळी होती. माझ्या आज्याचं नाव दगडू. त्याच्या आधीचे तिघे भाऊ वर्षाच्या आत गेलेले. चौथा जन्मला तेव्हा पणजीनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीनं उचललं आणि पणजीनं मूठभर जोंधळे देऊन ते पोर तिच्याकडनं परत घेतलं. मरणाला वाटावं, हा कुणाला नको असलेला धोंडा हाय, ह्याला नेऊन काय करायचं! केरू, उकिर्डा, भिकू ही नावं अशीच आली. पोराचं नाक टोचून मुलगी भासवली, तर तो नथू. देवी, पटकी, प्लेग यांच्या काळात आईबापाच्या हातात दुसरं होतं तरी काय? लसी आल्या, 1975 साली देवी देशातून हटली, आणि नवे दगडू जन्माला येणं हळूहळू थांबलं.

या नावाला जातीचाही काच होता. गावानं दलितांना धड नावानं हाक मारलीच नाही. दगड्या, धोंड्या, कचऱ्या, असंच. दया पवारांचं मूळ नाव दगडू. 1978 च्या ‘बलुतं’मध्ये ते याच नावानं भेटतात. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धर्मांतर झालं आणि पुढच्या पिढीत गौतम, सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता ही नावं घरोघर आली. हाक मारणाऱ्याला ती मोडून-तोडून म्हणणं सोपं नव्हतं.

मुलींचं काय? धोंडाबाई, दगडाबाईही होत्या. त्या जगाव्यात म्हणून ठेवलेली नावं ती. माझ्या चुलत आत्याचं नाव मात्र नकुशी. चार बहिणींच्या पाठची पाचवी. असं नाव ठेवलं की पाठीवर मुलगा होतो, ही समजूत. दगडू नाव मरणाला फसवायला होतं. आतून तो सगळ्यांना हवाच होता. नकुशीत फसवणूक नव्हती, मनातलंच बोललेलं होतं. तिला सुपात घालून कुणी उकिरड्यावर ठेवलं नाही आणि मूठभर जोंधळे देऊन कुणी परत घेतलंही नाही.

लग्नात सासरच्यांनी नाव बदललं. बाकीच्या पोरी माहेरचं नाव गेलं म्हणून रडायच्या. ही म्हणाली, “बरं झालं बाई, वज्झं उतारलं.” पण वडील वारल्यावर पाठच्या भावानं हक्कसोडपत्रावर अंगठा द्यायला बोलावलं. कागदावर पुन्हा नकुशीच. जमिनीतला वाटा सोडताना तेवढं नाव कामाला आलं. भावावर ती कधी रागावली नाही. “त्यो तरी काय करंल, त्याच्यासाठीच ठिवलेलं नाव हुतं,” एवढंच म्हणायची.

22 ऑक्टोबर 2011 ला साताऱ्यात जिल्ह्यातल्या 285 मुलींना नवी नावं मिळाली. नकुशी, नकोशी, नकुसा अशीच त्यांची जुनी नावं. कुणी वैशाली झाली, कुणी सिनेमातल्या नटीवरून ऐश्वर्या. शाळेत जाणाऱ्या पोरी होत्या त्यात, म्हणजे ही रीत आत्याच्या पिढीबरोबर संपली नव्हती. आत्या तेव्हा सत्तरीला टेकलेली. मी तिला बातमी वाचून दाखवली. तिनं पदरानं चष्मा पुसला आणि एकच विचारलं, “नवी नावं पोरींनीच निवडली का रं?”

“काही जणींनी स्वतः निवडली,” मी म्हणालो.

“मग झॅक झालं,” आत्या म्हणाली.