नानीचे पानदान आणि बिदरची माती

निरवांगीला आमच्या घरी फडताळात एक काळे पानदान असायचे. नानीचे माहेर उदगीरचे. लग्नात तिच्या वडिलांनी ते दिले होते. काळ्याभोर अंगावर चांदीची बारीक फुले. एकदा ईदच्या साफसफाईत अम्मीला ते कळकट वाटले आणि तिने चिंच-राख लावून जोरात घासले. काळा रंग जागोजागी उडाला, खालचा राखाडी धातू दिसू लागला. नानी काही बोलली नाही, पण त्यानंतर तिने ते पानदान वापरले नाही.

नानी गेल्यावर ते माझ्याकडे आले. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ते पिशवीत घालून बिदरला नेले. तो काळा रंग पुन्हा चढतो का, एवढेच विचारायचे होते.

बहमनी सुलतान अहमदशहा वली याने पंधराव्या शतकात आपली राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली. त्या काळात इराणकडून विद्वान, सुलेखनकार, कारागीर दख्खनेत येत होते. वजीर महमूद गवानने 1472 साली पुरा केलेल्या मदरशाच्या भिंतींवर त्या रंगीत फरश्यांचे तुकडे अजून दिसतात. धातूवर चांदी जडवण्याची रीत इराण आणि अरब मुलखात जुनीच होती. दख्खनेत तिला नवा धातू आणि नवी माती मिळाली, आणि बिदरी घडली. पुढे ती औरंगाबादेतही होऊ लागली.

कारखान्यात बसून मी काम पाहिले. सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे वितळवून साच्यात ओततात. भांडे कानशीने गुळगुळीत करतात आणि त्यावर मोरचूदाचे पाणी फिरवतात. मोरचूद म्हणजे आमच्याकडे द्राक्ष-डाळिंबवाले चुन्यात कालवून फवारतात तेच. त्याने पृष्ठभाग तात्पुरता काळपट होतो आणि कोरलेली रेघ स्पष्ट दिसते. मग छिन्नीने नक्षी कोरायची आणि त्या खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. पुन्हा घासले की सगळे भांडे एकसारखे पांढरट दिसते, फुले जणू हरवतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात कालवून गरम भांड्यावर चोळतात. नवसागर कल्हईवाल्यांकडे आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. धातू काळाकुट्ट होतो, चांदी मात्र तशीच राहते. ही माती जिथे वर्षानुवर्षे ऊन-पाऊस लागलेला नाही अशा जागेची लागते, असे कारागीर सांगतात.

म्हणजे अम्मीने घासून काढला तो मळ नव्हता. तोच तर दागिना होता.

बाजूच्या फळीवर कानातले, किल्लीची कडी, दिव्यांचे बूड, पेन ड्राइव्हची कव्हरे मांडलेली होती. सगळ्यांवर तीच बिदरी नक्षी. मला ते रुचले नाही. मी म्हातारबांना म्हटले, "चाचा, इतकी जुनी कला आणि पेन ड्राइव्ह?" ते हसले. "हुक्का अब कौन पीता, बेटी?"

घरी येताना एसटीत मी त्यावरच विचार करत होते. संग्रहालयांत बिदरी म्हणून सर्वांत जास्त दिसतात ती हुक्क्याची बुडे. आपण त्यांना परंपरा म्हणतो. पण तंबाखू दख्खनेत आली तीच मुळी पोर्तुगीजांमुळे, सोळाव्या शतकाच्या अखेरीस. अकबराचा वकील असद बेग 1604 च्या सुमारास विजापूरहून परतला, तेव्हा त्याने बादशहाला तंबाखू आणि हुक्का नवलाई म्हणून दाखवला. म्हणजे बिदरी हुक्का हा त्या काळचा पेन ड्राइव्हच होता! नवी वस्तू आली, लोकांना हवीशी वाटली आणि कारागिराने तिच्यावर आपली फुले उमटवली. गिऱ्हाईक बदलले, वस्तू बदलली. माती, छिन्नी आणि हात तेच राहिले.

हे हात तरी कोणाचे? बिदरमध्ये मुसलमानांबरोबर लिंगायत घरांतही हे काम होत आले आहे. आठवीच्या वर्गात मी पानदान दाखवले, तेव्हा एका मुलाने विचारले, "मॅडम, हे तुमच्या लोकांचं ना?" मी त्याला मोरचूद, नवसागर आणि मातीची गोष्ट सांगितली. "मोरचूद तर आमच्या घरी पण आहे," तो म्हणाला. मग तोच पानदान हातात घेऊन सगळ्या बाकांवर फिरवत राहिला.

2006 मध्ये बिदरीला भौगोलिक मानांकन मिळाले. 2023 मध्ये बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. मला त्याचा आनंद यासाठी झाला की जुन्या बिदरी भांड्यांवर घडवणाऱ्याचे नाव क्वचितच सापडते. सुलतानांची नावे आपण पाठ करतो. आज शहरातल्या मोठ्या दुकानांत अशा वस्तूंवर ब्रँडचे नाव असते, ठोकणाऱ्याचे नसते.

हे मी लिहिते आहे खरे, पण माझीही चूक सांगायला हवी. पानदान पुन्हा काळेभोर झाले, फुले उमलली. मी त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी वाहवा केली. खालाने एकच प्रश्न विचारला, "बनाया किसने?" आणि मला सांगता येईना. चार तास मी त्यांच्या शेजारी बसले, त्यांचा चहा प्यायले, आणि चाचांचे नाव विचारायचे राहून गेले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा जाणार आहे. या वेळी वही घेऊन.