गंगावन, घुगरी आणि जट

‘केसावर फुगेऽऽ, केसावर भांडीऽऽ’ अशी हाळी मराठवाड्यातल्या गावांतून आजही ऐकू येते. विंचरताना गळालेले केस बाया गुंडाळी करून भिंतीच्या फटीत किंवा डब्यात साठवून ठेवतात आणि फेरीवाला आला की त्याच्या तराजूत टाकतात. त्या बदल्यात पोरांना फुगे मिळतात, घरात एखादे भांडे येते. केसांचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. वर्गात विचारून पाहावा. बहुतेक मुलांचे उत्तर ‘टोप करतात’ असे येईल. ते चूक नाही, पण अपुरे आहे.

दुसऱ्याचे केस आपल्या केसांत मिसळून वेणी लांब-जाड करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि तिला मराठीत स्वतःचा शब्दही आहे : गंगावन. आजीच्या ट्रंकेत जुन्या साड्यांखाली गंगावन सापडलेले अनेकांना आठवत असेल. लग्नात पाठीवर मोठी वेणी रुळायला हवी आणि नवरीचे केस मात्र पातळ, अशा वेळी ते उपयोगी पडे. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांच्या पेटीतही गंगावन असायचेच. अलीकडे शहरांतील काही तरुण मुलेमुली केसांत रंगीत, दोरखंडासारख्या बटा लावून हिंडताना दिसतात. त्यांना ‘ड्रेडलॉक’ म्हणतात. या बटा बहुधा त्यांच्या स्वतःच्या केसांच्या नसतात. लोकरीच्या, कृत्रिम धाग्याच्या किंवा विकत घेतलेल्या मानवी केसांच्या असतात. म्हणजे हेही एका परीने गंगावनच. फरक इतकाच की जुन्या गंगावनाला आपण गंगावन आहोत हे लपवायचे असे, आणि या बटांना ते मिरवायचे असते.

आता केसाकडे जरा जवळून पाहू. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखी एकमेकांवर रचलेली सूक्ष्म खवले असतात. त्यांची मोकळी कड नेहमी टोकाकडे असते. म्हणून मुळाकडून टोकाकडे बोट फिरवले तर केस गुळगुळीत लागतो, उलट फिरवले तर किंचित खरखरीत. यावर एक सोपा प्रयोग वर्गात करता येतो. एक लांब केस अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरावा आणि केसाच्या लांबीच्या दिशेने बोटे मागेपुढे चोळावीत. केस हळूहळू एका बाजूला सरकू लागतो. ती बाजू मुळाची. बोट मुळाकडे जाताना खवल्यांत अडकते आणि केसाला ओढून नेते. टोकाकडे जाताना मात्र नुसते घसरते. मुलांना हे जादूसारखे वाटते. केसाच्या व्यापारात हीच ‘जादू’ पोटापाण्याची बाब आहे.

कारण फेरीवाल्याने जमवलेल्या गुंडाळीत निम्म्या केसांची मुळे एका बाजूला आणि निम्म्यांची दुसऱ्या बाजूला असतात. उलटसुलट खवले एकमेकांत अडकतात आणि असे गंगावन दोन-चार धुण्यांत गच्च होते. लोकरीचा नमदा याच तत्त्वावर बनतो, मात्र तिथे गुंता हवा असतो. म्हणून विंचरलेले केस विकण्यापूर्वी ते सोडवून त्यांची दिशा जुळवावी लागते, नाहीतर आम्लाने त्यांची खवलेच काढून टाकावी लागतात. देवस्थानात मुंडन करून कापलेल्या केसांना जास्त भाव मिळतो तो यासाठी : तिथे बट कापतानाच बांधलेली असते, मुळे एकीकडे राहतात. तिरुपतीचे केस लिलावात विकले जाऊन जगभर जातात. मे २००४ मध्ये जेरुसलेमचे रब्बी योसेफ शालोम एल्याशिव यांनी भारतीय केसांचे टोप धर्मनिष्ठ ज्यू स्त्रियांनी वापरू नयेत असा निर्णय दिला, कारण त्या केसांचा उगम मूर्तिपूजेशी जोडला गेला. त्यानंतर ब्रुकलिनसारख्या ठिकाणी टोपांच्या होळ्या झाल्या. आंध्रातल्या एखाद्या बाईचा नवस न्यूयॉर्कच्या रस्त्यावर जळावा, हे व्यापाराच्या इतिहासातले एक विलक्षण पान आहे.

खवल्यांचा हा गुण ड्रेडलॉकच्या मुळाशीही आहे. कुरळ्या केसांचा छेद चपटा असतो, त्यांना जागोजागी वळणे असतात आणि ते एकमेकांत सहज अडकतात. जमैकातील रस्ताफारी पंथाने १९३०नंतरच्या दशकांत या बटांना धर्माचे आणि स्वाभिमानाचे चिन्ह बनवले. त्या बेटावर १८४५पासून भारतीय गिरमिटिया मजूर जात होते. गांजा हा शब्द जमैकाच्या बोलीत त्यांच्यामुळेच गेला. बटांची कल्पनाही आपल्या साधूंकडून गेली असे काही अभ्यासक मानतात. इतरांना ते पटत नाही, आणि आफ्रिकेतही अशा बटांची परंपरा आहे हे विसरून चालणार नाही.

सरळ, लांब आणि बारीक केसांची गोष्ट वेगळी. त्यांचा छेद गोलसर, पृष्ठभाग नितळ. त्यांवर बाहेरची बट बांधली की ती घसरते. घसरू नये म्हणून घट्ट बांधली की मुळे ओढली जातात. थोडे गणित करू. ६० मायक्रॉन जाडीचा आणि ६० सेंटिमीटर लांबीचा केस सुमारे २ मिलिग्रॅम भरतो. डोक्यावर साधारण एक लाख केस धरले तर सगळा केशसंभार दोन-सव्वादोनशे ग्रॅमचा. त्यावर तेवढ्याच वजनाच्या बटा टांगल्या तर मुळांवरचा भार दुप्पट होतो. एक बारीक केससुद्धा पन्नास-एक ग्रॅम वजन तोलतो. तो तुटत नाही. हार मानते ते त्वचेतले मूळ. सततच्या ओढीने मुळे दुबळी होऊन केस विरळ होतात, याची नोंद १९०७ साली ग्रीनलंडमधील केस घट्ट बांधणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत झाली. म्हणूनच आज असे केस सजवणारे कारागीर बट थेट केसांना चिकटवत नाहीत. आधी केसांची पेडदार बारीक वेणी घालतात, वेणीत बट गुंफतात आणि काही आठवड्यांनी सगळे उतरवतात. वेणीमुळे घर्षणाचा पृष्ठभाग वाढतो आणि भार अनेक केसांवर वाटला जातो.

ही युक्ती नवी आहे असे मात्र कोणी समजू नये. हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः सेनगाव-कळमनुरीकडच्या तांड्यांवर, बंजारा समाजाची मोठी वस्ती आहे. (हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला.) जुन्या पद्धतीच्या बंजारा स्त्रीच्या कानांवरून गालापर्यंत लोंबणारे चांदीचे किंवा मिश्रधातूचे जड दागिने आपण पाहिलेले असतील. त्यांना घुगरी आणि टोपली म्हणतात. ते कानात नसतात, केसांत असतात. दोन्ही बाजूंच्या केसांच्या वेण्या घालून त्यांत ते अडकवतात. मागच्या वेणीला चोटला. घुगरी-टोपली ही विवाहितेची खूण, त्यामुळे ती रोज वागवायची. म्हणजे भार कायमचा. पेडांवर भार वाटण्याचे तंत्र या स्त्रियांना सरावाने ठाऊक होते.

बंजारे लमाण हे बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ वाहणारे लोक. १८०३ साली असईच्या लढाईच्या मोहिमेत वेलस्लीच्या फौजेला त्यांनी धान्य पुरवले. हिंगोली पुढे निजामाच्या कंटिन्जंट फौजेची छावणी झाली, तेव्हा इंग्रज अधिकाऱ्यांना हे तांडे अगदी परिचयाचे होते. जॉन ब्रिग्जने १८१९ साली मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात त्यांच्यावर लेख छापला. पैनगंगेपलीकडच्या वणी जिल्ह्यातील कंबरलेजने १८८२ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६च्या ग्रंथात तर काही बंजारा स्त्रिया डोक्यावर केसांत एक लहान लाकडी काठी उभी बांधून तिच्यावरून पदर घेत, असे वर्णन आहे. या अधिकाऱ्यांच्या लिखाणात कुतूहल आहे, तसाच संशयही आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या काळात वेशभूषेचे बारकावे टिपणे हे ओळख पटवण्याचेही साधन होते. आता हा साज बहुतांशी वयस्क बायांच्या अंगावर किंवा सणासमारंभातच दिसतो.

केसांचे दुसरे टोक म्हणजे जटा. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलेल्या मुलांना शंकराच्या जटांची गोष्ट सांगावी लागत नाही. वेरूळच्या लेण्यांत त्या जटांचा नीट रचलेला मुकुटच कोरलेला दिसतो. शिल्पकाराने गुंत्याला अलंकार केले. प्रत्यक्षात मात्र जटा कोणाच्या डोक्यावर आहेत यावर त्यांचा अर्थ ठरत आला आहे. नाशिक-त्र्यंबकच्या सिंहस्थात साधूने जटा वाढवल्या तर तो त्याचा वैराग्याचा निर्णय. मरीआईच्या पोतराजाने केस वाढवले ते मात्र घराण्याने देवीला दिलेल्या शब्दापायी. आसूड आणि केस दोन्ही त्याच्याकडे वारशाने आले. आणि गावातल्या एखाद्या मुलीच्या केसांत गुंता झाला, की ती देवीची ‘जट’.

खरे तर कारण सोपे आहे. आपले दिवसाला पन्नास ते शंभर केस गळतात. विंचरले की ते फणीत येतात. आजारपणात, बाळंतपणात, उवा-खवड्यांमुळे किंवा मन खचल्यामुळे विंचरणे थांबले की गळालेले केस तिथेच अडकतात, खवल्यांमुळे एकमेकांत रुततात, घाम आणि तेल त्यांना घट्ट करतात. दिवसाला सत्तर धरले तर वर्षाला पंचवीस हजारांहून अधिक गळालेले केस होतात. यातला मोठा भाग जटेत साठला तर ती दोरासारखी जाड होणारच. मग ‘देवी आली’ म्हणून तिला हळदकुंकू, भंडारा वाहतात. विंचरणे आता पापच ठरते आणि गुंता आणखी वाढतो. सौंदत्तीच्या यल्लम्मेच्या भक्तीत जट हे देवीचे बोलावणे मानले गेले आणि कित्येक मुली जट आली म्हणून जोगतीण झाल्या. ‘जोगवा’ (२००९) या राजीव पाटील यांच्या चित्रपटातील सुलीची कथा इथूनच सुरू होते. देवीला मुली सोडण्यावर मुंबई इलाख्यात १९३४ साली, कर्नाटकात १९८२ साली बंदी आली. महाराष्ट्राने २००५चा स्वतंत्र कायदा केला. कायद्याने समर्पण बेकायदा ठरते, जटेची भीती मात्र त्याने जात नाही.

ही भीती केवळ आपलीच आहे असेही नाही. पोलंडमध्ये अशा गुंत्याला ‘कोल्तुन’ म्हणत. तो शरीरातला रोग बाहेर काढतो, कापला तर माणूस आंधळा किंवा वेडा होतो, मरतोसुद्धा, अशी समजूत शतकानुशतके होती आणि युरोपातल्या वैद्यांनी त्याला ‘प्लिका पोलोनिका’ असे भारदस्त लॅटिन नावही दिले होते. क्राकूवचे डॉक्टर योझेफ डीट्ल (१८०४–१८७८) यांनी रुग्ण तपासून दाखवून दिले की हा रोग नव्हेच. अस्वच्छता आणि न विंचरणे यांचा तो परिणाम आहे. पुढे १८६६ ते १८७४ या काळात ते त्या शहराचे महापौर होते. सौंदत्ती आणि क्राकूव यांच्यात ना देव एक, ना भाषा एक. समजूत मात्र जवळजवळ शब्दशः सारखी. केसाची खवले दोन्हीकडे सारखीच असतात, एवढे मात्र नक्की.

महाराष्ट्रात हे काम अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते करत आले आहेत. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक स्त्रियांच्या जटा काढल्या. त्या मूळच्या सौंदर्यप्रसाधनाच्या व्यवसायातल्या, म्हणजे केस हाताळण्यात तरबेज. हा योगायोग मला महत्त्वाचा वाटतो. कात्री चालवण्याआधी घरच्यांशी अनेकदा बोलावे लागते, कारण पुढे घरात कोणी आजारी पडले तर दोष त्या बाईच्या माथी येतो. याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. लुसिंडा रॅम्बर्ग या अभ्यासिकेने २०१४च्या ग्रंथात दाखवले आहे की काही जोगतिणींना जट हे देवीचे अस्तित्व वाटते, आणि सुधारकांनी ती कापणे त्यांना मोकळीक वाटतेच असे नाही. बाईला न विचारता जट लादणे आणि न विचारता कापणे यांत मला फार अंतर दिसत नाही. पण चौथी-पाचवीतल्या मुलीला विचारणार कोण? तिच्या डोक्यात गुंता नुकता सुरू झालेला असतो तेव्हा तो शिक्षिकेच्या नजरेला सर्वांआधी पडतो. त्या अवस्थेत कात्रीही लागत नाही. भरपूर खोबरेल तेल, रुंद दातांची फणी आणि टोकाकडून सुरुवात करून वर मुळाकडे सरकत जाणारा धीराचा हात पुरतो. उवा असतील तर त्यांचे औषध. मुळाकडून विंचरू लागले तर गुंता खाली ढकलला जाऊन आणखी घट्ट बसतो.