बाप कागदावर, मुलगा स्टिअरिंगवर : गाडीच्या विम्याची सातारी गोष्ट

तरुण पोरांच्या गाडीचा विमा रिन्यू करताना हप्ता का वाढतो, हा आजचा विषय. हा इतिहासाचा विषय आहे का, असं काहींना वाटलं असेल. मला वाटतं आहे, आणि तो साताऱ्यापासून सुरू करता येतो.

१९१३ साली साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. मुंबईत नाही, पुण्यात नाही, साताऱ्यात. पुढे १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि देशातल्या इतर कंपन्यांबरोबर हीही एलआयसीत गेली. पण त्याआधीची चाळीसेक वर्षं विमा म्हणजे काय, हे या भागातल्या माणसाला कळलं ते आयुर्विम्यातून. आणि आयुर्विम्यात वय हाच पाया. पंचविशीतल्याला हप्ता कमी, पन्नाशीतल्याला जास्त. धूमकेतूवाले हॅले, त्यांनीच १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून मृत्यूचा तक्ता मांडला होता. वयावरून हप्ता ठरवण्याची रीत तिथून रुजली, आणि ती कुणाला खटकत नाही.

खटकते कधी? एकोणिसाव्या शतकात इथल्या विलायती कंपन्या हिंदी माणसाकडून जादा हप्ता घ्यायच्या. तो आजारी आहे म्हणून नव्हे, हिंदी आहे म्हणून. १८७० मध्ये निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलनं हिंदी माणसाला नेहमीच्या दरानं विमा द्यायला सुरुवात केली. म्हणजे प्रश्न जुनाच आहे: हप्ता ठरवताना माणूस कुठल्या गटातला हे बघायचं, की त्यानं स्वतः काय केलं हे बघायचं? तरुण ड्रायव्हरचा सगळा वाद या एका प्रश्नात आहे.

आता मोटारीकडे येऊ. इंग्लंडनं थर्ड पार्टी विमा १९३० च्या कायद्यानं सक्तीचा केला. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९३९ चा, पण त्यातली विम्याची सक्ती प्रत्यक्ष लागू झाली १ जुलै १९४६ पासून. त्या दिवशी सातारा ब्रिटिश मुलखात होता आणि सांगली पटवर्धनांचं संस्थान होतं, जिथं इकडचा कायदा आपोआप लागू होत नसे. संस्थान विलीन झाल्यावर 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला, आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं.

इंग्लंडमध्ये विमा कंपनी आधी विचारते, गाडी चालवणार कोण, वय किती. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला तिथं भरमसाट हप्ता पडतो. पूर्वी मुलींना कमी पडायचा. युरोपीय न्यायालयानं २०११ मध्ये स्त्री-पुरुष भेद बेकायदा ठरवला. वयाचा भेद मात्र राहिला.

आपल्याकडे वेगळंच झालं. दर ठरायचे सरकारमान्य टॅरिफनं, आणि टॅरिफ माणसाकडे बघतच नव्हतं. ते बघायचं गाडीची किंमत, इंजिन किती सीसीचं, गाडी किती जुनी आणि नोंदणी कुठली. पुणे, मुंबईसह आठ शहरं 'अ' विभागात, बाकी सगळा देश 'ब' विभागात. म्हणजे सातारा, सांगली 'ब'. बाराशे सीसीच्या नव्या गाडीला पुण्यात ३.२८३ टक्के, आपल्याकडे ३.१९१ टक्के. पाच लाखांच्या गाडीवर फरक चारशे साठ रुपयांचा! एमएच-११ ची पाटी लावून बारा महिने पुण्यात फिरणाऱ्यांनी हसू नये. (हशा) पण बावीस वर्षांचा पोरगा आणि साठीतला माणूस, दोघांना दर एकच.

वय विचारून आपल्याकडे फार उपयोगही झाला नसता. गाडी घराची असते. आरसी बुकावर वडील आणि स्टिअरिंगवर चिरंजीव. विमा कंपनीला दिसतात ते वडील.

मग पोरांचा हप्ता वाढतो कशानं? पहिलं कारण नो क्लेम बोनस. एक वर्ष क्लेम नाही, तर ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट. मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक क्लेम केला की शिडीच्या तळाशी. आणि हा बोनस गाडीचा नसतो, नावाचा असतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. वडिलांनी पाच वर्षं सांभाळून ५० टक्के मिळवले, मुलाला नोकरी लागली म्हणून गाडी त्याच्या नावावर केली. गाडी तीच, रस्ता तोच, चालवणाराही कदाचित तोच. पण बोनस वडिलांपाशी राहिला आणि मुलगा शून्यावर. वडील वारल्यावर गाडी मुलाकडे आली तर मात्र बोनसही येऊ शकतो. म्हणजे बाप जिवंत असणं महागात पडतं! (हशा)

दुसरं कारण बारीक क्लेमचं. जुन्या टॅरिफच्या दरानंच हिशोब करू. समजा, आयडीव्ही पाच लाख, मूळ हप्ता १५,९५५ रुपये. दोन वर्षं क्लेम नाही. तिसऱ्या वर्षी विट्याच्या बाजारात बंपर फुटला, नवा सहा हजारांचा. प्लास्टिकच्या भागावर पन्नास टक्के घसारा, म्हणजे राहिले तीन हजार. त्यातून सक्तीचे हजार वजा. हातात दोन हजार. आणि रिन्यू करताना ३५ टक्के सूट गेली, म्हणजे ५,५८४ रुपये. पुढच्या वर्षी ४५ च्या जागी २०, ते वेगळंच. झिरो डेप घेतलं असेल तर बंपरचे पैसे जास्त मिळतात, बोनस तरीही जातोच. जुना माणूस हा हिशोब करून खिशातून बंपर बसवतो. पोरगं म्हणतं, विमा आहे ना!

आणि बोनस चूक कुणाची ते विचारत नाही, क्लेम केला का एवढंच विचारतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत ज्यांच्या गाड्या दारात उभ्या असताना पाण्यात गेल्या, त्यांनी क्लेम केला की बोनस गेला. मला हे आजही पटत नाही.

तिसरं कारण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातून आलेलं. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. मग दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी फक्त ओन डॅमेज भरायचं, आणि चौथ्या वर्षी थर्ड पार्टी पुन्हा दारात. बाराशे सीसीला १ जून २०२२ पासूनचा दर ३,४१६ रुपये, वर जीएसटी. पहिली गाडी घेतलेल्या पोराला वाटतं, कंपनीनं लुटलं. तसं नसतं. तो दर सरकारी आहे.

गटाचा प्रश्न मात्र मागच्या दारानं परत आलाय. १ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे दर मोकळे झाले, आता कंपनी काय काय बघून सूट कमी-जास्त करेल हे तिच्यावर. वय बघायचं म्हटलं तरी आधार सांभाळून घ्यावा लागेल. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली जवळपास दोन तृतीयांश १८ ते ४५ वयाची. हा आकडा तरुण बेफाम आहेत याचा पुरावा म्हणून फेकला जातो. पण ही मेलेल्यांची वयं आहेत, चूक करणाऱ्यांची नव्हेत. त्यात पायी जाणारे आहेत, मागे बसलेले आहेत.

त्याच वर्षी, जुलैमध्ये, विमा नियामकानं 'जसं चालवाल तसं भरा' अशा जोडविम्याला परवानगी दिली. किती किलोमीटर चाललात, ब्रेक कसा मारलात, हे यंत्र किंवा मोबाईल मोजणार. तत्त्व म्हणून मला हे वयावरच्या हप्त्यापेक्षा बरं वाटतं, कारण इथं निदान त्या पोराकडे बघितलं जातं. शंका एवढीच, की पसरणी घाटात वळणावळणाला ब्रेक दाबणारा शहाणा आहे की धोकादायक, हे त्या यंत्राला कुणी शिकवलंय का?

आता पॉलिसीचे कागद कुणी आणले असतील तर बाहेर काढा. ओन डॅमेजचा हप्ता, त्याखाली बोनसची वजावट आणि थर्ड पार्टीचा हप्ता, हे आकडे सापडले की मागच्या वर्षीच्या कागदाशेजारी ठेवा. तिथून प्रश्न घेऊ.