वॉशिंग मशीनचा दरवाजा अडकणे

फ्रंट लोड वॉशिंग मशीनचे धुणे संपल्यावर, किंवा ते मध्येच थांबल्यावर, गोल काचेचा दरवाजा न उघडणे हा घरगुती यंत्रांतला नेहमीचा बिघाड. तक्रार कुलपाची केली जाते. मूळ मात्र पुष्कळदा पाण्याच्या निचऱ्यात असते. टबात पाणी तुंबलेले असते आणि कुलूप आपले काम चोख करत असते. अशा वेळी दरवाजा जोराने ओढला, तर हाती प्लास्टिकचे तुटलेले हँडल येते आणि एका बिघाडाचे दोन होतात.

कुलूप कशासाठी : अमेरिकेत 1937 साली लोकांपुढे आलेले बेंडिक्स कंपनीचे घरगुती स्वयंचलित यंत्र पुढूनच उघडणारे होते. पुढून दरवाजा असला की पाण्याची पातळी दरवाजाच्या खालच्या कडेपर्यंत, कधी तिच्याही वर जाते. त्या वेळी दरवाजा उघडला तर सगळे पाणी फरशीवर येणार. काही प्रोग्रॅममध्ये पाणी 60 अंश सेल्सिअसपर्यंत आणि त्याहून अधिक तापवले जाते. तिसरी बाब ड्रमच्या वेगाची. सुमारे 48 सेंटीमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला 1200 फेऱ्यांनी फिरू लागला की त्याच्या कडेचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या पुढे जातो. त्यात हात गेला तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून पाणी, उष्णता आणि फिरणे या तिन्हींतले एकही शिल्लक असेल तर दरवाजा उघडू नये, अशी योजना असते. वॉशिंग मशीनच्या सुरक्षिततेसाठी आयईसी 60335-2-7 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. भारतात याच विषयाचे मानक आयएस 302, भाग 2, विभाग 7 हे होय. सेमी-ऑटोमॅटिक यंत्राच्या स्पिनरला असे कुलूप सहसा नसते. तेथे झाकण उचलताच मोटर बंद होते आणि ब्रेक लागतो.

रचना : दरवाजाला धातूचा किंवा प्लास्टिकचा आकडा असतो. तो चौकटीतल्या खाचेत बसतो आणि खाचेमागे मुठीएवढा डोअर लॉक असतो. त्याचे मुख्यतः दोन प्रकार. जुना आणि अजूनही खूप चालणारा प्रकार पीटीसीचा. त्यात तापत गेली की विजेला अधिकाधिक विरोध करणारी, म्हणून एका मर्यादेपुढे न तापणारी एक सिरॅमिक चकती असते आणि तिच्यालगत दोन वेगवेगळ्या धातूंची जोडपट्टी, म्हणजे बायमेटल, असते. मशीन सुरू करताच चकतीला वीज मिळते, पट्टी तापून वाकते, एक खीळ सरकून आकडा अडकवते आणि त्याच हालचालीत एक विद्युत संपर्क जुळतो. या संपर्कातूनच मोटर, हीटर आणि पाण्याचा व्हॉल्व्ह यांना पुढचा पुरवठा मिळतो. दरवाजा नीट लागला नाही तर मशीन जागचे हलत नाही, ते यामुळे. सुरुवातीला काही सेकंदांनी येणारा ‘खट्’ आवाज या खिळीचा.

धुणे संपल्यावर वीज तुटते, पण पट्टी निवायला एक-दोन मिनिटे लागतात. तेवढा वेळ दरवाजा बंद राहणे हा बिघाड नव्हे. तो या रचनेचा स्वभावच आहे. सर्व्हिस सेंटरला केलेले कित्येक फोन ही दोन मिनिटे धीर धरला असता तर वाचले असते.

दुसरा प्रकार सोलेनॉइडचा, म्हणजे विद्युतचुंबकाचा. त्यात विजेचा एक झटका खीळ लावतो आणि दुसरा झटका ती सोडवतो. मशीन थांबताच दरवाजा उघडतो, ही त्याची सोय. पण सोडवणारा झटका देण्यापूर्वी पीसीबी, म्हणजे मशीनचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रण-फलक, पाण्याची पातळी तपासतो, आणि लाइट गेली असेल तर झटका देणार कोण? म्हणून वीज गेल्यावर दोन्ही प्रकार उलट वागतात. पीटीसीचे कुलूप प्लग काढून थोडे थांबल्यावर आपोआप सुटते, आत पाणी असले तरीही. तेव्हा हँडलला हात लावण्याआधी काचेतून पातळी पाहणे आवश्यक. सोलेनॉइडचे कुलूप मात्र बहुधा वीज येईपर्यंत तसेच राहते. यावरून निदानाची एक सोपी खूण मिळते. पीटीसी असलेल्या मशीनचा प्लग काढून दहा-पंधरा मिनिटे झाली तरी दरवाजा सुटत नसेल, तर दोष विजेचा नाही; आकडा, हँडल किंवा आतली खीळ यांपैकी काहीतरी अडकले किंवा मोडले आहे.

कारणे : सर्वांत मोठे कारण तुंबलेला ड्रेन पंप. खिशात राहिलेली नाणी, केसांच्या पिना, शर्टाची बटणे, लहान मुलांचे मोजे, साडीच्या फॉलचे दोरे हे सगळे पंपाआधीच्या फिल्टरमध्ये अडते. निचरा थांबला की एलजीच्या मशीनवर ‘ओई’ आणि बॉशच्या अनेक मशीनवर ‘ई 18’ अशी खूण येते. ती दिसली असेल तर कुलपाकडे वळूच नये. मशीन भिंतीला सरकवताना ड्रेनची नळी दुमडली, तरी परिणाम तोच.

पाणी खरोखर संपलेले असूनही मशीनला ते आहे असे वाटते, हा फसवा प्रकार. टबाच्या तळाशी एक छोटी हवेची कुपी असते. पाणी चढले की तिच्यातली हवा दाबली जाते आणि बारीक नळीवाटे तो दाब वरच्या सेन्सरला कळतो. साबणाचा साका आणि बोअरच्या पाण्यातले क्षार या मार्गात साचले की दाब अडकून राहतो आणि टब रिकामा असूनही भरलेला वाटतो. मेकॅनिक पंप तपासून मोकळे होतात आणि ही नळी विसरतात, असे वारंवार दिसते.

‘रिन्स होल्ड’सारखा पर्याय निवडला असेल तर मशीन पाण्यासह मुद्दाम थांबते, स्पिन किंवा ड्रेन लावले की काम झाले. चाइल्ड लॉक मुख्यतः बटणे गोठवतो, त्यामुळे तो सुरू असेल तर मशीन काहीच ऐकत नाही आणि दोष दरवाजावर येतो. विजेच्या चढउतारांनी पीसीबीवरचा रिले जळणे हे कारण खरे, पण यादीत बरेच खाली.

उपाय : आधी ड्रेन किंवा स्पिनचा प्रोग्रॅम एकदा चालवून पाहावा. पाणी हलले नाही तर प्लग काढावा. फक्त बटण बंद करणे पुरेसे नाही. पाणी गरम असेल तर निवू द्यावे. नंतर पुढच्या बाजूला, बहुधा खाली उजवीकडे असलेले फिल्टरचे छोटे झाकण उघडावे. काही मशीनमध्ये तेथे बूच लावलेली बारीक नळी असते. तिच्याखाली उथळ परात धरून पाणी थोडे थोडे काढता येते. बादली तेथे मावत नाही. अशी नळी नसेल तर मागची ड्रेनची मोठी नळी हुकातून सोडून मोरीत जमिनीलगत आडवी टाकावी. फिल्टर पूर्ण तुंबलेला नसेल, तर पाणी उताराने आपोआप वाहून जाते. फिल्टर एकदम काढू नये. अर्धा आटा सैल करून पाणी गळू द्यावे, थांबले की आणखी सैल करावा. फिल्टर बाहेर आला की आतल्या पोकळीत बॅटरीच्या उजेडात पंपाचे पाते दिसते. ते काडीने थोडे फिरवून पाहावे. गुंतलेला दोरा बऱ्याचदा येथेच सापडतो.

याच झाकणामागे अनेक मॉडेलांत आणीबाणीची दोरी किंवा पट्टी असते, बहुधा नारिंगी किंवा लाल. पाणी निघाल्यावर ती हलक्या हाताने खाली ओढली की खीळ सुटते. सोबत आलेल्या पुस्तिकेत तिचे चित्र असते, पण पुस्तिका वॉरंटी कार्डाबरोबर कपाटात गेलेली असते.

दोरी नसेल तर वरचा पत्रा काढावा लागतो. मागचे दोन स्क्रू काढून तो मागे सरकवला की सुटतो. पुढचा पत्रा आणि टब यांमधून हात घालून कुलपाची खीळ बोटाने बाजूला करता येते. मशीन किंचित मागे कलले की टब मागे जातो आणि जागा मिळते. मात्र ते एकट्याने कलवू नये, कारण आतल्या काँक्रीटच्या वजनांमुळे ते फार जड असते. हँडल तुटले असेल तर दरवाजाच्या फटीतून नायलॉनची दोरी आकड्याच्या बाजूला घालून दोन्ही टोके ओढली, की आकडा मागे रेटला जाऊन दरवाजा सुटू शकतो. कुलपातली खीळ लागलेली असताना ही युक्ती चालत नाही.

कुलूपच निकामी झाले असेल, तर बदलणे अवघड नाही. दरवाजाभोवतीच्या रबरी गॅस्केटच्या पुढच्या कडेची तारेची कडी काढून रबर आत दुमडले, चौकटीतले स्क्रू सोडले की लॉक आतून हाती येतो. नवा भाग घेताना मॉडेलचा नव्हे, जुन्या लॉकवर छापलेला क्रमांक जुळवावा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या यंत्रांत लॉक वेगळे निघतात.

बाजारात एक आडवाटेचा उपायही चालतो. लॉकच्या तारा एकमेकींना जोडून मशीनला दरवाजा लागलेला आहे असे भासवायचे. नव्या भागाचे पैसे वाचतात आणि मशीन सुरूही होते, पण त्यानंतर दरवाजा उघडा असतानाही ड्रम पूर्ण वेगाने फिरू शकतो. ज्या घरात लहान मूल आहे तेथे असे मशीन एक दिवसही चालवू नये, आणि जो मेकॅनिक हा उपाय सुचवतो त्याला पुन्हा बोलावू नये.